मुखेडवर दोन घिरट्या

लातूर
१५ फेब्रुवारी २०१६

आदरणीय केरबामामा,
सप्रेम जयभीम.

फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं चांगुणामामी आपल्या मनानं भरून सांगते. मागच्या वेळी मी इंजिनाचं तेल तापल्याचं सांगितलं, तर तिनं तुम्हाला सांगितलं की पोरगी हॉस्टेलात भजी तळून राहिली. म्हणून हे पत्र. शिवाय काम तुमच्या हुन्नराचं आहे, आणि तुम्हाला कागदावर चित्र दिसल्याशिवाय काही पटत नाही. चित्र मागच्या पानावर काढलं आहे.

मामा, माझी एकटीची विमानाची लांब फेरी फसली. लातूरहून उदगीर, तिथून वळून नांदेड, आणि नांदेडला उतरून परत लातूर, असा रस्ता शिवमूर्ती सरांनी आखून दिला होता. सर आमचे शिकवणारे. सरळ अहमदपूरवरून पाठवलं तर पोरं हायवे बघत बघत जातात, म्हणून मुद्दाम उदगीरचा वळसा. उदगीरपर्यंत खाली रेल्वेचे रूळ होते, काही अडलं नाही. पुढं मात्र नुसता माळ. कागदी नकाशात जिथं निळे तलाव दाखवलेत, तिथं खाली पिवळं मैदान आणि त्यात गुरं. यंदा एकाही तलावात पाणी नाही, मग ओळखायचं कशावरून? माझ्याकडं टॅब होता, त्यात नकाशावर आपलं विमान ठिपक्यासारखं सरकताना दिसतं. पण उन्हात दिसावं म्हणून उजेड पूर्ण वाढवला की त्याची बॅटरी घटाघटा संपते. जळकोटच्या पुढं पडदा काळा झाला. मी घाबरले आणि माघारी फिरले.

बाजारातली चार्ज करायची वीट नेली होती. ती जेवढं देते त्याहून टॅब जास्त खातो. विमान माझ्यापेक्षा वयानं मोठं आहे. त्यात गाडीसारखं एक सॉकेट आहे, ते केव्हाच मेलंय. आणि विमानाच्या कुठल्याही वायरीला कागदपत्रांशिवाय हात लावायचा नाही, असा नियम आहे. सर म्हणतात, भरवसा कागदावर आणि होकायंत्रावर ठेव, टॅब सोबतीला असू दे. पण ती सोबत मध्येच मरू नये एवढीच माझी इच्छा आहे.

घाई अशासाठी की इथं हॉस्टेलात पाणी नाही. टँकर येतो तेव्हा आम्ही अभ्यास सोडून बादल्या घेऊन पळतो. आमची विमान शिकायची शाळा ३१ मार्चला विमानांसकट दुसऱ्या राज्यात चालली आहे. तिथं त्यांची मुलं आधीच रांगेत आहेत. तोवर माझी फेरी झाली नाही तर माझं शिक्षण इथंच अडकतं, आणि पुन्हा नंबर कधी लागेल ते सरांनाही सांगता येत नाही.

तर मामा, विमानाच्या एकाही वायरीला न शिवता तीन तास टॅब जिवंत ठेवायचा. जमेल का?

तुमची,
पंचशीला


मुखेड
१९ फेब्रुवारी २०१६

चि. पंचशीला हीस,
केरबामामाचा सप्रेम जयभीम.

जमेल का म्हणून विचारतेस. अगं, बत्तीस वर्षं एसटीच्या डेपोत मी दुसरं काय केलं? हॉर्न वाजत नाही, लाईट लागत नाही, आणि गाडी सुटायला दहा मिनिटं. शिकवायला कोण होतं? हातात पाना घेऊन गाडीखाली शिरलो आणि पंधरा वर्षांनी इलेक्ट्रिशियन म्हणून बाहेर आलो. मधल्या काळात शॉक किती बसले ते मामीला सांगितलेलं नाही.

तू माघारी फिरलीस ते चांगलं केलंस. रस्ता समजत नसताना पुढं दामटणारे ड्रायव्हर मी बघितलेत. त्यांच्या गाड्या आम्हीच ओढून आणायचो.

आता तुझ्या कामाचं. यंदा शेतात फवारायला पीकच नाही, त्यामुळं गावोगावचे बॅटरीवरचे फवारणी पंप खुंटीला टांगून पडलेत. अर्जुनरावांच्या पंपाची बारा व्होल्टची बॅटरी मागून आणली. ते म्हणाले, "घेऊन जा, माझ्या शेतात न्हाई तर आभाळात तर कामाला येईल." ती बॅटरी पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात बसवली. पुढं मोटारीत लावायचा चांगला चार्जर उघडून जोडला. व्हिडिओ कोचच्या टेपमधून इंजिनाची घूं-घूं ऐकू यायची, तशी तुझ्या रेडिओत येऊ नये म्हणून वायरीला लोखंडी कडं घातलं. घरच्या टॅबवर चालवून बघितलं. घरचा म्हणजे शाळामास्तराचा. पूर्ण उजेडावर चार तास चालला आणि वर चार्जही झाला.

सगळ्यात मोठी हुशारी खालच्या बाजूला आहे, उलटा करून बघ. एसटीत ड्रायव्हरच्या पुढ्यात काहीही ठेवा, खड्डा आला की ते मांडीवर. त्यावर आमचा डेपोचा इलाज म्हणजे जुन्या स्पीकरचे लोहचुंबक. चार बसवलेत. मुंगळ्यासारखा चिकटेल, विमान उलटं झालं तरी सुटणार नाही. उलटं करू नकोस. डब्यावर लाल दिवा आहे, तो विझला म्हणजे बॅटरी संपत आली समज. म्हणून डबा अगदी नजरेसमोर, काचेखाली ठेव.

आपला व्यंकटी मुखेड-लातूर गाडीवर ड्रायव्हर आहे. त्याच्या सीटमागं ठेवून डबा पाठवला आहे. स्टँडवर जाऊन घे. त्याला वाटतंय आत धपाटे आहेत. धपाटे वेगळ्या पिशवीत आहेत, त्यातला एक त्याला दे.

इकडं पाण्याच्या खालोखाल नव्या जिल्ह्याची चर्चा. उदगीर जिल्हा होणार आणि मुखेड त्यात जाणार म्हणे. पिराजीच्या हॉटेलात निम्मे लोक उदगीरचे झालेत, निम्मे नांदेडचे राहिलेत, आणि चहा कुणीच सोडलेला नाही.

तुझा,
केरबामामा


लातूर
२७ फेब्रुवारी २०१६

आदरणीय मामा,
जयभीम.

डबा मिळाला. धपाटे व्यंकटीमामांनी आधीच मोजून दोन घेतले होते. डबा विमानात छान बसला आहे, लाल दिवा डोळ्यांसमोर आहे. जमिनीवर अडीच तास चालवून बघितला, टॅब शंभर टक्के. माझ्या मैत्रिणी तर डब्याच्या प्रेमातच पडल्यात.

३ मार्चला सर शेजारी बसून तोच रस्ता पुन्हा करून घेणार आहेत. ते बोलणार नाहीत, नुसते बघणार. ते ठीक झालं की मग एकटीला सोडतील. मामीला सांगा, भजी तळत नाही.

तुमची,
पंचशीला


मुखेड
५ मार्च २०१६

चि. पंचशीला हीस,
सप्रेम जयभीम.

काय लिहू आणि काय नको असं झालंय.

गुरुवारी सकाळी मी पिराजीच्या हॉटेलासमोर बसलो होतो. मला लांबचा आवाज ऐकू येत नाही, पण समोरचे सगळे एकदम माना वर करून बघायला लागले म्हणून मीही वर बघितलं. छोटंसं पांढरं विमान. एवढं खाली की चाकं दिसत होती. आलं, आणि स्टँडवरून एक घिरटी घातली, मग दुसरी. वाटेत नसलेल्या गावाला तू वाट वाकडी करून आलीस. मामानं डबा दिला म्हणून मामाला आभाळातून जयभीम करायला आलीस.

लोक आपापल्या परीनं तर्क लढवत होते. एक म्हणाला, कृत्रिम पावसाचं विमान हाय. दुसरा म्हणाला, नव्या जिल्ह्याची हद्द मोजायला सरकारनं पाठवलंय, मुखेड गेलं उदगीरात. त्यावरून त्या दोघांची जुंपली. मी बाकावर उभा राहिलो आणि म्हणालो, "गप बसा रे. ती माझी भाची हाय." पिराजी म्हणाला, "केरबा, खाली उतर, बाक मोडंल." पण नंतर चहा त्यानंच पाजला.

मामी घरून धावत आली, हातात लाटणं तसंच. तिनं तेच हलवलं. तुला दिसलं का?

आता ऐक. तुझ्या मैत्रिणींसाठी आणखी तीन डबे करायला घेतलेत. बॅटऱ्या मिळाल्या. आणि या वेळी चुंबक डबल, प्रत्येकी आठ. एवढ्या घिरट्या घालूनही पहिला डबा हलला नाही, तर हे तर विमान सोडून जाणारच नाहीत. मंगळवार नाही तर बुधवारी व्यंकटीच्या गाडीला देतो.

तुझा,
केरबामामा


लातूर
८ मार्च २०१६

आदरणीय मामा,
जयभीम.

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिले तीन वेळा वाटलं, राहू द्यावं असंच. पण डबे बुधवारी निघणार आहेत म्हणून आजच लिहिते, आणि हे पत्र व्यंकटीमामांच्याच हाती देते, म्हणजे डब्यांच्या आधी पोचेल. मामा, ते डबे पाठवू नका.

मी तुम्हाला जयभीम करायला आले नव्हते. मी चुकले होते.

मी लिहिलं की डबा छान बसला. तो बसलाच नाही. विमान ॲल्युमिनियमचं असतं, त्याला चुंबक चिकटत नाही. तुम्ही एवढ्या हौसेनं बसवलेत, म्हणून मी ते कळवलं नाही आणि चिकटपट्टी लावून डबा काचेखाली ठेवला. त्याच्या बरोबर वर होकायंत्र आहे. चार चुंबक खालून ओढत होते.

उदगीरपर्यंत रूळ होते म्हणून काही कळलं नाही. तिथून मी होकायंत्र बघून उत्तरेला वळले, निदान मला तरी तसं वाटलं. टॅब दाखवत होता की मी उजवीकडं, पूर्वेला सरकते आहे. पण सरांनीच शिकवलंय की होकायंत्रावर भरवसा ठेव. मला वाटलं टॅबच चुकतोय. सर हाताची घडी घालून गप्प. कंधार यायची वेळ झाली आणि खाली भलतंच गाव. मी दोन घिरट्या घातल्या त्या स्टँडवरची पाटी वाचता येते का बघायला. नाही आली. मग एसटी डेपो दिसला आणि तुमच्या घरामागची पाण्याची टाकी दिसली.

सरांनी तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाले, "पंचशीला, हे नांदेड आहे का?"

मी म्हटलं, "नाही सर. हे माझ्या मामाचं गाव आहे."

"मामाकडं उतरायचंय?"

मग त्यांनी हात पुढं करून डबा उचलला आणि मागच्या सीटमागं ठेवला. होकायंत्राची तबकडी माझ्या डोळ्यांदेखत तशी गरकन फिरली. म्हणाले, "यात काय आहे?" मी सांगितलं, चुंबक. "कुणी बनवला?" मी म्हटलं, मी.

सर ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी शेवटची संधी दिली आहे, २९ मार्च, एकटीनं. त्यानंतर तारीख नाही. आणि यापुढं त्यांच्या परवानगीशिवाय विमानात सुईसुद्धा न्यायची नाही. टॅबला पुन्हा बाजारातली वीटच लावीन, जेवढा चालेल तेवढा.

लाटणं दिसलं नाही मामा. पण गच्चीवर कुणीतरी पिवळं लुगडं नेसलेलं होतं, ते दिसलं.

तुमची,
पंचशीला


मुखेड
१८ मार्च २०१६

चि. पंचशीला हीस,
केरबामामाचा सप्रेम जयभीम.

दहा दिवस लिहिलं नाही. रागावलो नव्हतो. पहिले दोन दिवस लाज वाटून राहिली होती आणि पुढचे आठ दिवस काम चाललं होतं.

तुझं पत्र वाचलं तसा उठलो आणि शाळेच्या दुकानातून पोरांचं होकायंत्र आणलं. तू पत्रासोबत परत पाठवलेल्या डब्याच्या जवळ धरलं. एक वीत अंतरावरूनच सुई अशी वळली, जशी मामी हाक मारली की मी वळतो. तीन नव्या डब्यांजवळ तर ती गरागरा फिरायलाच लागली. ते मी पाठवले असते, आणि त्यातली एखादी पोर एकटी असती तर?

बत्तीस वर्षं सगळं लोखंडात काढलं ना. ड्रायव्हरवर उत्तर दिशा शोधायची वेळ कधी आली नाही, त्याच्या समोर रस्ताच असतो. विमान कशाचं असतं एवढं तुला एका ओळीत विचारलं असतं तरी भागलं असतं. जाणकार म्हणून मिरवायचं होतं, म्हणून विचारलं नाही.

पण तूही एक ओळ लपवलीस बरं का. चिकटत नाही म्हणाली असतीस तर मला तिथंच उजाडलं असतं. मामाचं मन राखायला गेलीस आणि विमान मुखेडला आणलंस. यापुढं माझं मन राखायचं नाही. ते डेपोतलं आहे, ठोकून सरळ होतं.

आणि सरांना खोटं का सांगितलंस? माझ्या हातची चूक तुझ्या नावावर नको. यासोबत सरांच्या नावे वेगळी चिठ्ठी आहे. उघडी आहे, वाच आणि दे.

पिराजीच्या हॉटेलात जाऊनही खरं सांगून टाकलं. बाकावर न चढता. मग पिराजी म्हणाला, "म्हंजे पोरगी वाट चुकून आलती व्हय? आमच्या गावाला वाट चुकल्याबिगर कोण येतंय?" सगळे एवढे हसले की मलाही हसू आवरेना. आता मी दिसलो की विचारतात, "केरबा, उत्तर कोणीकडं हाय?"

नवा डबा केला आहे. या वेळी ॲल्युमिनियमचा जेवणाचा डबा, स्क्रू पितळेचे, चुंबक एकही नाही. पहिल्यातलं ते कडंसुद्धा काढून वायरीच एकमेकींत पिळल्या, घूं-घूं तेवढ्यानंही जाते. जागाही समोर नको. वायर सहा फूट लांब ठेवली आहे, डबा मागच्या बाजूला सायकलच्या ट्यूबनं आवळून बांधायचा. लाल दिवा तेवढा वायरीच्या टोकाला आणला. पोरांचं होकायंत्र चारी बाजूंनी फिरवून बघितलं, सुई हलली नाही. पण मी बघितलं म्हणजे झालं असं मी आता म्हणत नाही. सरांनी बघावं. ते नाही म्हणाले तर नाही. डबा परत पाठव, अर्जुनराव बॅटरी पंपाला लावतील.

तुझा,
केरबामामा


लातूर
२५ मार्च २०१६

आदरणीय मामा,
जयभीम.

चिठ्ठी सरांना दिली. "मी शिकलेला नाही, पण चूक कुणाची ते मला लिहिता येतं," ही ओळ त्यांनी दोनदा वाचली. मग मला म्हणाले, "तू खोटं बोललीस." मी हो म्हटलं. म्हणाले, "मामांमुळं या वेळी सोडतो."

नवा डबा त्यांनी स्वतः होकायंत्राजवळ आणला, लांब नेला, चालू केला, बंद केला, रेडिओ लावून कान दिले. तबकडी जागची हलली नाही, रेडिओ स्वच्छ. मग मी तो मागं बांधला आणि त्यांनी ओढून बघितला. फक्त म्हणाले, "गाठ चांगली आहे." ती गाठ माझी होती, तुम्ही शिकवलेली.

मंगळवारी सकाळी सातला निघते. नांदेडला आठ-सव्वाआठ. थोडं थांबून परत. झोप नीट येत नाही. डबा काम करील हे माहीत आहे. बाकीचं सगळं मला करायचं आहे.

मुखेडवरून येणार नाही. आले तर समजा की गेलं सगळं.

तुमची,
पंचशीला


मुखेड
३१ मार्च २०१६

चि. पंचशीला हीस,
केरबामामा आणि चांगुणामामी यांचा सप्रेम जयभीम.

मंगळवारी दुपारी तुझा फोन आला. मामीनं ऐकलं आणि मला सांगितलं, "लातूरला उतरली." मी म्हटलं, आपल्या मनानं सांगू नको, पुन्हा विचार. तिनं तीन वेळा विचारलं. तू तिन्ही वेळा तेच म्हणालीस. तेव्हा कुठं मी चप्पल काढली.

चप्पल पायात का होती, ते सांगतो. तेव्हा आम्ही नुकतेच नांदेडहून आलो होतो.

तुला कळवलं नव्हतं. पहाटेच्या गाडीनं निघालो आणि सव्वासातलाच विमानतळाच्या तारेच्या कुंपणाशी जाऊन उभे राहिलो. एक पहारेकरी आला. म्हणाला, "आजी, इथं थांबता येत न्हाई." मामी म्हणाली, "थांबून कुठं राहिलोत? उभे हाव." तो बिचारा निघून गेला आणि जरा वेळानं आमच्यासाठी पाणी घेऊन परत आला. या दिवसांत माणूस स्वतःहून पाणी देतो, म्हणून त्याचं नाव विचारून घेतलं. गुरुपादप्पा, देगलूरकडचा.

आठ वाजून गेले. आठ दहा झाले. मला लांबचं काही ऐकू येत नाही, मी मामीच्या तोंडाकडं बघत होतो. एकदा तिनं नुसती मान वर केली आणि मला कळलं.

तू बरोबर दक्षिणेकडून आलीस. उतरताना एकदा टुणकन उडालीस आणि मग बसलीस. मामीनं माझा दंड एवढा दाबला की वळ आहे अजून.

तू खाली उतरलीस. आमच्यापासून लांब होतीस, पण मामीला सगळं दिसत होतं. बाटलीतलं पाणी प्यायलीस. काच पुसलीस. आत वाकून मागच्या बाजूला डबा चाचपून बघितलास. मग पंखाच्या सावलीत बसून कागद उघडलास आणि बोटानं रस्ता बघत राहिलीस. टॅब मांडीवर होता, तरी कागदच बघत होतीस.

मामी म्हणाली, "हाक मारते." तिची हाक कशी असते तुला माहीत आहे, विमानं थांबतील. मी तिचा हात धरला. म्हटलं, नको. अजून निम्मा रस्ता तिचा एकटीचा हाय. आत्ता आपण दिसलो तर डोळ्यांत पाणी येईल, आणि पुढं सगळं डोळ्यांनी बघूनच जायचं हाय. तिनं ऐकलं. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

वीसेक मिनिटं तू तिथं होतीस आणि आम्ही इथं. मग तू उठलीस, पदर झाडतात तशी पँट झाडलीस आणि आत बसलीस. मी मामीला विचारलं, आवाज बरा येतोय का? ती म्हणाली, "सरळ येतोय, घूं-घूं न्हाई." मग तू गेलीस. ठिपका होईपर्यंत मी बघितलं, ठिपक्यानंतरचं मामीनं बघितलं.

शाळा आज निघाली असेल. त्या गावाला पाणी आहे का ते कळव. उरलेले तीन डबे मी खोलून ठेवलेत, चुंबक काढून पुन्हा करीन. तुझे सर मागतील तेव्हाच.

परतीच्या गाडीत मामी खिडकीशी बसली. कंधार येईपर्यंत आभाळच बघत होती. शेजारी एक बाई होती, साखराबाई नावाची, बारूळची. तिला राहवेना. तिनं विचारलं, "दवाखान्याला आलता का?"

मामी म्हणाली, "न्हाई. विमानतळाला."

ती बाई सावरून बसली. "कुणाला आणायला का सोडायला?"

मामीनं जरा विचार केला आणि म्हणाली, "सोडायला."

तुझा,
केरबामामा